बंद करू नका

"परत तेच!" लेकीने टेबलावर हात आपटला, तसा म्हाताऱ्याच्या हातातला चहा बशीत सांडला.

सकाळचे सहा वाजले होते. संगणकाच्या पडद्यावर अक्षरे उमटली होती: अपडेट पूर्ण होऊ शकले नाही. केलेले बदल मागे घेत आहोत. संगणक बंद करू नका. खाली ठिपक्यांचे कडे गोल गोल फिरत होते. कोणाची नोकरी राहते की जाते, याच्याशी त्या ठिपक्यांना काही देणेघेणे नव्हते.

लेक एका विमा कंपनीचे दावे तपासायची. घरी बसून, सहा ते दोन. संगणक तिचा, वीज तिची, पाठदुखी तिची. कंपनीचा फक्त हुकूम. दोन आठवड्यांपूर्वी पत्र आले होते: शुक्रवारी पाच वाजेपर्यंत ज्याचा संगणक अपडेट झालेला नसेल, त्याचा प्रवेश बंद. कंत्राटी माणसाचा प्रवेश बंद म्हणजे काय, ते पत्रात लिहिले नव्हते. असल्या गोष्टी लिहायला हिंमत लागते.

आज शुक्रवार होता.

"काल दोनला 'अपडेट करून बंद करा' असं दाबून शिकवणी घ्यायला गेले. रोज तेच करतेय. संध्याकाळी येते तर मशीन शहाण्यासारखं बंद. सकाळी उघडावं तर हे नाटक!"

"जुनं झालं असेल," म्हातारा म्हणाला.

"जुने तुम्हीपण झालात बाबा, तुम्ही कुठे अडता?"

तो हसला, पण ती हसली नाही.

तिने रजा टाकली आणि पदर खोचला. जागा कमी असेल म्हणून जुने फोटो पुसले. त्यात आईच्या शेवटच्या वर्षातले दोनशे होते, ते पेनड्राइव्हवर घेताना तिचा हात दोनदा थांबला. मग पेनड्राइव्ह काढला, प्रिंटर काढला, व्हायरसचा पहारेकरी झोपवला. दुरुस्तीची सोय म्हणून संगणकातच एक बटण होते. ते दाबल्यावर पाव तास विचार करून यंत्राने निकाल दिला: कोणतीही अडचण आढळली नाही.

"नाही कशी? माझ्या जिवाला आहे ना!" ती पडद्यावर ओरडली.

म्हातारा दारात उभा राहून बघत होता. आत गेलो तर अडचण, बाहेर गेलो तर काळजी. चौतीस वर्षे विजेच्या उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून काढलेला माणूस, पण या डब्यापुढे त्याला काडीची अक्कल नव्हती.

साडेबाराला एकदाचा मदतकेंद्राचा फोन लागला. तिने स्पीकर चालू केला.

"मॅडम, आता नोंदींची यादी उघडा. लाल खुणा दिसतात?"

"दिसतात. 'संगणक अनपेक्षितपणे बंद झाला.' काल, सव्वादोन. परवा, दोन वीस..." ती बोट लावून मोजत गेली. "अकरा वेळा!"

"म्हणजे अपडेट अर्ध्यावर असताना वीज जातेय. तुमच्याकडे रोज दुपारी लाइट जाते का?"

लेक मागे वळली. "ऐकलंत? तुमच्या खात्याची कृपा! चौतीस वर्षं सांगत होतात ना, आमच्याकडे व्होल्टेजचा काटा हलत नाही म्हणून?"



उपकेंद्रात म्हाताऱ्याला 'मेनस्विच' म्हणत. पाळी संपली की तो फेरी मारायचा, एकेका स्विचला हात लावून बघायचा. त्याला कारण होते. दिवा विझलाय म्हणजे लाइन बंद, असे समजून त्याचा जोडीदार एकदा खांबावर चढला होता. खाली आणला तो चौघांनी. तेव्हापासून विझलेल्या दिव्यावर म्हाताऱ्याचा विश्वास नव्हता. निवृत्त झाला तरी फेरी सुटली नाही. लेक शिकवणीला गेली की पंखा, गिझर, इस्त्री. आणि शेवटी पडदा काळा पडलेला तो संगणक. भिंतीवरचा स्विच, सकाळी लेक न बघताच चालू करायची तो. खट्.

गप्प बसला असता तर पचले असते. खात्याला शिव्या खायची सवय आहे, अजून एक खाल्ली असती.

"लाइट नाही गेली," तो म्हणाला. "मी घालवली."

"काय?"

"पडदा काळा असायचा. मला वाटलं, बंद आहे. म्हणून मागचा स्विच..."

"अकरा वेळा, बाबा?"

त्याने मान खाली घातली. 

मग फोनवरच्या माणसाने भराभर सांगितले: अर्धवट उतरलेल्या फायली पुसा, नव्याने लावा, तीन तास धरा. मधे पडदा बराच वेळ काळा राहील. काही झाले तरी हात लावायचा नाही.

पावणेदोनला टक्के सरकू लागले. दोनला शिकवणीवर वीस पोरांची चाचणी होती. लेक चप्पल घालून दारात घुटमळली.

"खोलीला कुलूप लावून जाऊ का?"

सरळ विचारले तिने. त्यात राग असता तर बरे झाले असते.

"लाव," म्हातारा म्हणाला. "पण मधेच प्लग सैल झाला, तर आत कोणीतरी पाहिजे."

ती कुलूप न लावताच गेली.

म्हाताऱ्याने कपाटाच्या तळाची पत्र्याची पेटी ओढली. हातमोजे, टेस्टर, आणि खाली उपकेंद्रातला एक फलक. लाल रंग उडालेला, दोरी मात्र शाबूत. त्याने तो भिंतीवरच्या स्विचला अडकवला: लाइनवर माणूस काम करत आहे. हात लावू नये. मग स्टूल घेतले आणि स्विचला पाठ लावून बसला.

बहात्तर टक्क्यांवर गाडे अडले. चाळीस मिनिटे हलेना. तीन वीसला पडदा काळा पडला. संगणकाचा बारीक दिवासुद्धा विझल्यासारखा वाटला. खांबावरचा जोडीदार डोळ्यांपुढे आला. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि संगणकाच्या पोटातल्या पंख्याची घरघर ऐकत राहिला. घरघर आहे म्हणजे जीव आहे.

लेक धावत आली तेव्हा साडेचार झाले होते. पडद्यावर एक रिकामी चौकट होती आणि तीत पासवर्ड मागणारी रेघ लुकलुकत होती.

"झालं?"

"झालं वाटतं. मी हात नाही लावला." तो उठला. गुडघे वाजले. "फलक तू काढ. ज्याचं काम, त्यानंच काढायचा असतो."

ती खुर्चीत टेकली, पासवर्ड टाकला, कंपनीचे दार उघडले. चार बेचाळीस. तिने खांदे खाली सोडले आणि मागे न बघताच म्हणाली, "राहू द्या तो तिथेच."

म्हातारा फेरीला निघाला. गिझर. इस्त्री. बाहेरच्या खोलीचा पंखा. परत आल्यावर हात सवयीने टेबलामागे गेला, दोरीला लागला आणि थांबला. वाकडा झालेला फलक त्याने सरळ केला, आणि दार ओढून घेतले.