अंगणाकडचं दार

माझी सासू रुखमाबाई नागपूरच्या क्षयाच्या दवाखान्यातून चौदा महिन्यांनी घरी येणार, असं पत्र आलं तेव्हा सगळ्यात आधी मी रडले. घरच्यांना वाटलं, आनंदानं रडते आहे.

साल एकसष्टचं, उन्हाळ्याचे दिवस. घाटंजीला आमच्या बौद्ध वस्तीत आमचं दोन खोल्यांचं, कवेलूच्या छपराचं घर होतं. सासरे बळीराम कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी बांधायच्या प्रेसवर होते. मी त्यांना मामाजी म्हणायची आणि सासूला आत्याबाई. माझे मालक भीमराज शाळेत मास्तर. वस्ती त्यांना मास्तरच म्हणायची, मीही. आमचा मुलगा नऊ महिन्यांचा होता. त्याच्या आजीनं त्याला अजून पाहिलंही नव्हतं.

पत्रासोबत डॉक्टरांची चिठ्ठी होती. मास्तरांनी ती दोनदा मोठ्यानं वाचली. थुंकी तीन वेळा तपासली, तिन्ही वेळा साफ. घरच्यांसोबत राहायला, जेवायला हरकत नाही.

मी म्हटलं, "डॉक्टरचं पोरगं ह्या घरात रांगत नाई."

मास्तरांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. नेरला, माझ्या माहेरी, माझी मोठी बहीण हंसा ह्याच रोगानं गेली, हे त्यांना माहीत होतं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माझं लुगडं रक्तानं भरलं ते मी धुतलं नाही, जाळलं.

खोली नवी करायची ही कल्पना मात्र मामाजींची. आत्याबाई मागच्या खोलीत झोपायच्या. तिथं धान्याच्या कणग्या, अंधार आणि उंदीर. मामाजी महिन्यातून एकदा नागपूरला जाऊन त्यांना भेटून यायचे. म्हणाले, "तिच्या खाटीपाशी खिडकी हाय. दिवसभर लिंबाचं झाड पाह्यते. घरी आल्यावर तिले अंधारात कायले टाकावं? खिडकी फोडू. खाली फरशी टाकू. पन तिले कोनी सांगू नोका. आल्यावर पाहू दे."

त्यांचा हंगाम संपला होता. रोज पहाटेपासून ते कामाला लागायचे. कणग्या बाहेर काढल्या, भिंत फोडून सागाची चौकट बसवली. साठ वर्षांचा माणूस, पण गडी चौकटीत उभा राहून हसायचा. "येथून तिले बाभूळ दिसन, गाय दिसन, आपन बी दिसू."

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मामाजी, एक दार अंगणातून केलं तर हवा खेळती राहीन. मंग मधलं दार बुजवून टाकू."

हातातली थापी तशीच धरून मामाजी माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर शाळेत पोरांना रोज सांगायचे, आता कोणी कोणाचा विटाळ मानायचा नाही. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "पोरगं लहान हाय, बाबा. वरीसभर फक्त."

मधलं दार मास्तरांनी स्वतः बुजवलं. मातीच्या विटा, वरून गिलावा, त्यावर चुना. चुन्यात नीळ मी घातली. शेवटी खोली अशी दिसायला लागली की शेजारची सुखीबाई मुद्दाम पाहायला आली. "लग्नाची खोली वाटते वं," म्हणाली. मला बरं वाटलं. खरंच सांगते, मला त्या दिवशी वाटलं की मी सासूसाठी चांगलंच केलं.

फळीवर मी एक नवं ताट, एक तांब्या आणि एक कप मांडून ठेवला.

आत्याबाई दुपारच्या बसनं आल्या. केस पांढरे झालेले, पण चाल खणखणीत. मोटारस्टँडपासून घरापर्यंत मामाजींशी बोलत आल्या. सवयीनं त्या पुढच्या दाराकडे वळल्या, तर मामाजी म्हणाले, "इकून नाई. अंगनातून चाल. डोये मीट."

"म्हातारा चळला का?" असं म्हणून त्या हसल्या, पण डोळे मिटले. मामाजींनी हाताला धरून त्यांना आत नेलं.

त्यांनी डोळे उघडले. वाकून फरशीवर तळवा फिरवला. खिडकीची चौकट चाचपली. मग नव्या लोखंडी खाटेवर बसून दोनदा वर-खाली झाल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

"हे माह्यासाठी? फरशी बी?"

"मंग कोनासाठी?" मामाजी म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

"भीमराजच्या बापा, उभ्या जन्मात मले कोनी असं काही नाई केलं हो." त्या उठल्या. "चाला, मी चहा मांडतो. नातू कुठं हाय माहा?"

आणि त्या मधल्या दाराकडे गेल्या.

दार नव्हतं. भिंतीवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या. चुना अजून हाताला लागत होता.

"येथं दार होतं न?"

मी बाहेर अंगणात बाळाला घेऊन उभी होते, खिडकीतून मला सगळं दिसत होतं.

"हवा खेळती राह्यते म्हून..." मामाजी म्हणाले.

आत्याबाईंनी फळीकडे पाहिलं. एक ताट, एक तांब्या, एक कप. मग मास्तरांना म्हणाल्या, "भीमराज, डॉक्टरची चिठ्ठी वाचली का तू?"

"वाचली, माय."

"काय लिवलं हाय तिच्यात?"

मास्तर रडायला लागले. आत्याबाई रडल्या नाहीत.

"मी पोरगी होती तवा आमच्या गावात हॉटेलवाला आमचा कप कुडाले अडकवून ठेवे," त्या म्हणाल्या. "चहा पेला की आपनच धुवून परत अडकवाचा. छप्पनले दीक्षा घ्याले नागपूरले पायी गेलतो आमी, पांढरं पातळ नेसून. मले वाटलं, तो कप तेथंच सुटला."

माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. खिडकीचं दार हळूच ओढून घेतलं.

त्यानंतर त्या बावीस दिवस त्या खोलीत राहिल्या. भांडण नाही, तक्रार नाही. मी ताट दारात ठेवायची, त्या उचलून आत न्यायच्या, धुवून परत ठेवायच्या. मामाजी संध्याकाळी त्यांच्यासोबत खाटेवर बसायचे, पण जेवायला आत आमच्याकडे यायचे. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "आत्याबाई, पोराले हात नोका लावू. वरीसभर." त्या म्हणाल्या, "बरं." बाळ रांगत त्यांच्या दाराकडे गेलं की त्या पदर तोंडाला लावून आत सरकायच्या. ते उंबऱ्यापाशी बसून आत पाहत राहायचं.

बाविसाव्या दिवशी सकाळी मी अंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी ठेवून पीठ चाळायला आत गेले. बाळ अंगणात होतं, आणि किती वेळ गेला ते मला कळलं नाही. तेवढ्यात आत्याबाईंची हाक आली, "विजयमाला! धाव वं! पोरगं चुलीपाशी!" एकदा, दोनदा. मी चाळणी टाकून धावले, पण दारात पोचायच्या आधीच त्यांनी खोलीतून झेप घेतली होती. बाळाचा हात निखाऱ्यापासून वीतभर राहिला होता. त्यांनी त्याला उचललं, छातीशी धरलं.

मी बाळ हिसकून घेतलं.

भाजलं का, लागलं का, हे मी विचारलं नाही. मी त्याला तिथंच दगडावर बसवलं, त्याच गरम पाण्यात थंड पाणी ओतलं आणि साबण लावून डोक्यापासून पायापर्यंत घासून काढलं. तोंड, हात, मान. बाळ ओरडत होतं. आत्याबाई तीन हात अंतरावर उभ्या राहून पाहत होत्या. मी पाणी टाकत गेले, टाकत गेले, आणि तेव्हाच मला कळत होतं की मी काय करते आहे. तरी हात थांबला नाही.

"झालं का धुऊन?" शेवटी त्यांनी विचारलं. राग नव्हता त्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं त्या परत नागपूरला गेल्या, दवाखान्यात. तिथल्या स्वयंपाकघरात बाईची जागा रिकामी होती, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. मामाजींना म्हणाल्या, "तेथं आमी बारा बाया एका परातीत जेवत होतो. मी तेथंच बरी."

त्या दिवशी मामाजी पहार घेऊन आले आणि मधलं दार फोडलं. एकट्यानं. मास्तर मदतीला गेले तर त्यांनी हातानंच मागे सारलं.

महिनाभरानं मी नागपूरला गेले. पाया पडले. म्हटलं, "आत्याबाई, चुकलं माहं. घरी चाला. दार उघडं केलं."

त्या भाजी निवडत होत्या. मला जवळ बसवलं, बाळाचं विचारलं, दात आले का, चालतो का. मग म्हणाल्या, "तुही बहीन गेली, तुले भेव वाटलं. ते मले समजते, पोरी. पन माह्या लेकानं चिठ्ठी वाचली होती."

त्या आल्या नाहीत. आता वर्षातून दोनदा येतात. बुद्धजयंतीला आणि दसऱ्याला. पुढच्या खोलीत खुर्चीवर बसतात. नातवासाठी खाऊ आणतात, तो त्यांच्या मांडीवर चढतो, मी काही म्हणत नाही. जेवा म्हटलं तर म्हणतात, "खाऊन आली." मागच्या खोलीत कणग्या परत आल्या आहेत. मामाजी त्यांना स्टँडवर सोडायला जातात आणि बस सुटून गेल्यावरही बराच वेळ घरी येत नाहीत.