सुबेदार बांच्या टोपीवर

मी एक जुना मोजा आहे. थांबा, थांबा, मित्रांनो, लगेच नाकाला रुमाल लावू नका! माझ्या अंगाला वास येत नाही. खरंच येत नाही. का येत नाही तेच तर सांगायचंय, आणि सांगायची इतकी घाई झालीये की कुठलं टोक आधी धरू तेच कळत नाहीये. बरं, पहिल्या टाक्यापासून धरतो.

मला विणलं हजुरआमांनी. हजुरआमा म्हणजे आजी, आपल्या गोष्टीतल्या जुनेलीची आजी. अर्थात तेव्हा जुनेली कुठली! तिचे बाबासुद्धा रांगत होते. हजुरआमांचे यजमान पलटणीत होते आणि दसैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या, सुट्टीला घरी यायचे होते. त्यांच्या पायांना ऊब मिळावी म्हणून हजुरआमा अंगणात उन्हाला बसून मला विणायच्या. लोकर घरच्या मेंढीची, जाडजूड, हळदीसारखी पिवळी. मी झालो, मग माझा जुळा भाऊ झाला. आम्ही दोघं दोरीवर लोंबत वाट बघत होतो. कुणाची? अहो, पायांची!

पाय आले. मोठ्ठे, फौजी पाय. त्यातला एक माझ्यात जेमतेम अंगठ्यापुरता शिरला आणि सिमपानी गावाच्या वरच्या टोकापर्यंत आरोळी गेली, "आई गं! हा मोजा आहे का खाजकुयली!"

मला भिंतीवर फेकलं. माझ्या भावाला तर पाय बघायलाही मिळाला नाही. हजुरआमांनी आम्हाला उचललं, झटकलं आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून दिलं. ट्रंकेत आम्ही किती वर्षं होतो ते विचारू नका. मोजा म्हणून जन्माला यायचं आणि पायानेच नको म्हणायचं, याहून वाईट काय असतं सांगा?

मग एके दिवशी झाकण उघडलं! वर हजुरआमाच होत्या, आता पांढऱ्या केसांच्या, आणि शेजारी एक नवा चेहरा, सिर्जना मिसचा. सिर्जना मिस गावच्या शाळेत लहान वर्गाला इंग्रजी शिकवायच्या आणि हजुरआमांच्याच माडीवर भाड्याने राहायच्या. जिल्ह्याच्या गावाहून शिक्षकांचं प्रशिक्षण घेऊन नुकत्याच आल्या होत्या आणि डोक्यात नुसत्या कल्पना उड्या मारत होत्या.

"हजुरआमा, बाहुली करायला काही आहे का हो तुमच्याकडे? हातात घालायची, बोलणारी?"

"बाहुली नाही पोरी, मोजे आहेत. घे एक. कुणाच्या कामी आला तर बरंच."

माझ्या भावाला हजुरआमांनी रेडिओवर चढवलं, धूळ बसू नये म्हणून. आणि मी? मला दोन डोळे मिळाले, दोन वेगवेगळ्या सदऱ्यांच्या गुंड्यांचे, एक काळा नि एक तपकिरी. लाल रिबिनीची जीभ मिळाली. ढाका कापडाचे दोन कान मिळाले, ज्या कापडाची गावातल्या बाप्यांची टोपी असते ना, त्याच रंगीत कापडाचे. सिर्जना मिसनी हात आत घातला, माझं तोंड उघडलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो, "हॅलो!"

मित्रांनो, तुम्हाला सांगतो, मी येण्याआधी त्या वर्गात काय चालायचं ते भिंतींनी मला सांगितलं. सगळी मुलं डुलत डुलत एका सुरात 'ए फॉर ॲपल' ओरडायची. सफरचंदाचं झाड कुणी बघितलेलं नव्हतं आणि खिडकीला टेकून उभ्या असलेल्या मक्याला काय म्हणायचं ते कुणालाच येत नव्हतं. मी आलो आणि मिसनी मुलांना सांगितलं, "हा फार लांबून आलाय. ह्याला नेपाळी अजिबात कळत नाही. ह्याच्याशी बोलायचं तर इंग्रजीतच बोलावं लागेल."

मी तर सिमपानीच्या मेंढीचा! मला सगळं कळत होतं. पण मिसचा हात माझ्यात होता, मी गप्प बसलो.

मग काय धमाल! एक कापडी थैली असायची. मी तिच्यात तोंड खुपसायचो नि काहीतरी बाहेर काढायचो, कधी चमचा, कधी कणीस, कधी संत्रं. नाव सांगेल त्याला हात लावायला मिळायचा. एक खेळ खाऊचा. मी म्हणायचो, "आय ॲम हंग्री!" आणि मुलं आपापल्या डब्यातलं नाव घेऊन मला भरवायची. दलबीर नावाचा एक द्वाड होता, त्याने मला खडू भरवला. मी किंचाळलो, "नो! नो! नो!" त्या दिवसापासून अख्ख्या वर्गाला 'नो' पक्कं आलं, घरी आयांना त्याचा फार त्रास झाला म्हणे. आणि सगळ्यात आवडता खेळ शिवायचा. मी कुणाच्या नाकाला शिवायचो, कुणाच्या कानाला, कुणाच्या डोक्याला, आणि ज्याला शिवलो त्याने ओरडायचं, "नोज! इअर! हेड!" मुलं मला मोजे दाज्यू म्हणायची, म्हणजे मोजेदादा. बघा, पाय नाही मिळाला, पण भावंडं किती मिळाली!

फक्त एक मुलगी ओरडायची नाही. जुनेली.

घरी ही पोर चिमणीसारखी बडबडायची, मला माहीत होतं, मी तिच्याच घरातला. पण शाळेत पहिल्याच आठवड्यात ती काहीतरी चुकीचं बोलली आणि सगळे हसले. त्यानंतर तोंडाला कुलूप. मिसनी विचारलं तरी मान खाली. मग एकदा मिस मला घेऊन तिच्याजवळ बसल्या आणि काहीच विचारलं नाही. मी माझा ढाक्याचा कान तिच्या तोंडाजवळ नेला. नुसता नेला. बराच वेळ काही नाही. मग कानात ऊबदार वाफ आली आणि एक शब्द आला, "ऑरेंज."

मित्रांनो, माझे टाके उसवतात की काय असं झालं मला! त्यानंतर ती रोज माझ्या कानात बोलायची. मग जरा मोठ्याने. मग मला स्वतःच्या हातात घालून, माझ्या तोंडाने, अख्ख्या वर्गासमोर!

आणि इथेच घोळ झाला.

दसैंची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शाळेत कार्यक्रम ठेवला होता. मोठी माणसं आलेली. पुढच्या खुर्चीत, गळ्यात झेंडूची माळ घालून, शाळेच्या समितीचे अध्यक्ष बसलेले. कोण? तेच मोठ्ठ्या पायांचे, आता पलटणीतून निवृत्त झालेले जुनेलीचे हजुरबा, म्हणजे आजोबा. अख्खं गाव त्यांना सुबेदार बा म्हणतं. डोक्यावर ताठ ढाका टोपी.

जुनेलीने मला हातात घातलं होतं. शिवायचा खेळ सुरू झाला. "नोज!" म्हणाली, टाळ्या. "इअर!" म्हणाली, आणखी टाळ्या. पोरगी अशी काही रंगात आली की धावत थेट खुर्चीपाशी गेली, मला उंच उचललं, आपल्या हजुरबांच्या टोपीवर धप्पकन ठेवलं आणि कडकडीत आवाजात म्हणाली, "धिस इज हेड!"

टाळी एकही नाही. वाऱ्यावर लावलेली पताकासुद्धा थांबली.

तुम्हाला कळलं ना काय झालं ते? चुकून कुणाला पाय लागला तर इथे लगेच त्या माणसाला शिवून हात कपाळाला लावतात. आणि इथे पायात घालायची वस्तू सुबेदार बांच्या डोक्यावर, तीही टोपीवर, तीही गावादेखत! मिस मला वर्गात बाहुलीच म्हणायच्या. मुलांना मी मोजेदादा. मी मोजा आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळेच विसरले होते.

सुबेदार बांनी मला टोपीवरून खाली ओढलं. गुंड्यांच्या डोळ्यांत बघितलं. मग माझी टाच दाबून बघितली.

"हा मोजा आहे," ते म्हणाले.

"बा, ती बाहुली आहे, शिकवायची..." मिस उठल्या.

"मास्तरीण बाई, टाच आहे ह्याला! बाहुलीला कधी टाच असते? पायातली वस्तू पोरांच्या तोंडाला लावता? डोक्याला लावता? आजपासून हे थोबाड शाळेत दिसलं नाही पाहिजे."

"चूक माझी आहे बा, जुनेलीला काही..."

पण जुनेलीचं तोंड मिटलं होतं. मी बघितलं ते मिटताना. कुलूप लागल्याचा आवाज जणू मला ऐकू आला.

सुबेदार बांनी मला दोन बोटांत धरून घरी नेलं, आणि वाटभर मला जे काही म्हणाले ते मी इथे सांगणार नाही, तुमच्यात लहान मुलंही असतील. घरी पोचल्यावर चुलीपुढे टाकलं. "म्हातारे, घाल हा चुलीत."

जाळ माझ्यापासून हातभर लांब. लोकर कशी जळते माहितीये? भुर्रकन. मी विचार केला, चला मोजे दाज्यू, ट्रंक बरी होती.

हजुरआमा चुलीवर मक्याच्या पिठाचा ढिंडो ढवळत होत्या. ढवळणं थांबवलं नाही. "जाळायचं कशाला? काय गुन्हा केला त्याने?"

"पायातला मोजा आहे तो!"

"कुणाच्या पायातला?"

"मला काय माहीत कुणाच्या!"

"मला माहितीये. तुमच्या. मीच विणला होता. खाजकुयली म्हणून भिंतीवर मारलात तो."

सुबेदार बांनी मला उचलून उजेडात धरलं. पिवळी लोकर, जाड वीण. रेडिओवर बसलेल्या माझ्या भावाकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे.

"कुठे घातलात तुम्ही?" हजुरआमा म्हणाल्या. "टाचेपर्यंतसुद्धा गेला नाही. म्हणजे पायात घातलेला मोजाच नव्हे तो. झालं."

आता एवढ्यावर दुसरा कुणी सुटला असता. पण फौजी माणूस, खोटं बोलता येईना. "अंगठा गेला होता," ते म्हणाले. "लागला म्हणजे लागला."

"बरं. अंगठ्याएवढं बाटलंय ना? त्याला काय लागतं!"

हजुरआमांनी नाकातली सोन्याची फुली काढली, लोट्यातल्या पाण्यात बुडवली. हे सुनपानी. सोनं बुडवलेलं पाणी शिंपडलं की बाटलेलं शुद्ध होतं, यावर सिमपानीत कुणी वाद घालत नाही, अध्यक्षसुद्धा नाही. दुर्वांनी त्यांनी माझ्यावर पाणी शिंपडलं. मग उठून सुबेदार बांच्या टोपीवर शिंपडलं. मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, जरासं त्यांच्या पायांवरही.

"पायांवर कशाला, म्हातारे?"

"सगळी कटकट त्यांनीच सुरू केली."

सुबेदार बांच्या मिशा हलल्या. हसू होतं का ते मला नक्की सांगता येणार नाही. पण कोपऱ्यात जुनेली बसली होती, ताटाला हात न लावता, शाळेतून आल्यापासून एक अक्षर न बोलता. सुबेदार बांनी तिच्याकडे बघितलं, आणि तो एवढा मोठा माणूस एकदम अवघडला. मला तिच्यापुढे धरून म्हणाले, "घे तुझा मित्र. काय रे मोज्या, बोल तिच्याशी. सांग, हजुरबा रागावलेले नाहीत."

चूल तडतडली. मग अगदी बारीक आवाज आला, "त्याला नेपाळी कळत नाही."

"काय?"

"त्याला फक्त इंग्रजी कळतं."

"म्हणजे मी शाळेपासून घरापर्यंत इतक्या शिव्या घातल्या, त्या?"

"एकसुद्धा नाही कळली त्याला."

"सगळ्या वाया गेल्या?"

"बरं झालं," हजुरआमा म्हणाल्या. "नाहीतर सुट्टीनंतर वर्गाला शिकवल्या असत्या त्याने."

आणि जुनेली हसली! मित्रांनो, ती हसली, खुदकन, आणि मी सुटलो, सुटलो, सुटलो! तिने मला हातात घातलं. सुबेदार बांनी पाठ ताठ केली, त्यांना येत होतं तेवढं इंग्रजी गोळा केलं आणि गरजले, "अटेन्शन!" मी ताठ उभा राहिलो. "सलाम!" म्हणाले, तर मी ढिम्म. "ते इंग्रजी नाहीये हजुरबा," जुनेली म्हणाली, आणि मग तिने मला काढून त्यांच्याच हातावर चढवलं.

ज्या माणसासाठी माझा जन्म झाला, त्याच्या अंगावर मी इतक्या वर्षांनी पूर्ण चढलो. टाचेसकट.

"खाजतोय का?" हजुरआमांनी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "हात राबलेले आहेत ना."

मग ढिंडो गार होईपर्यंत सगळे खेळले. माडीवरून सिर्जना मिस रडवेल्या चेहऱ्याने माफी मागायला उतरल्या, तर दारातच त्यांना सुबेदार बांचा हात आडवा आला. हाताच्या टोकाला मी होतो. मी फौजी आवाजात म्हणालो, "हॅलो! आय ॲम हंग्री!"

दसैंला घरातले सगळे धाकटे ओळीने बसले. सुबेदार बा एकेकाच्या कपाळाला टिका लावत होते, दही, तांदूळ नि लाल अबीर कालवलेला. जुनेलीची पाळी झाली तशी तिने मला पुढे केलं. सुबेदार बा थबकले. माझं कपाळ कुठलं ते शोधलं. मग दोन गुंड्यांच्या मधोमध टिका लावला आणि आशीर्वादही दिला. तोही इंग्रजीत, मला कळावा म्हणून! "गुड बॉय," म्हणाले. दुसरं काही येत नव्हतं.

सुट्टीनंतर रेडिओ उघडाच राहिला. माझ्या भावालाही डोळे आले, जीभ आली, आणि त्याला शाळेत कोण घेऊन आलं ते मी वेगळं सांगायला नको. आता आम्ही दोघं वर्गात एकमेकांना नाव विचारतो, गाव विचारतो, भांडतोसुद्धा. जुनेली एका हातात मला आणि दुसऱ्या हातात त्याला घालते आणि दोघांच्या वतीने ओरडते. तिला गप्प कर म्हणायची वेळ आलीये मिसवर!

तर मित्रांनो, तुमच्या ट्रंकेत, माळ्यावर, कुठे एखादा टोचणारा मोजा पडला असेल तर त्याला टाकून देऊ नका. पाय नको म्हणाला तरी एकदा हात घालून बघा. आणि तुमच्या वर्गात कुणी न बोलणारं असेल तर त्याला काही विचारू नका, नुसता कान जवळ न्या. मला धुवायचं असेल तर गार पाण्यात, हलक्या हाताने, पिळू नका. आणि कपाळावर तो लालसर डाग आहे ना, तो घासू नका. तो डाग नाहीये.