पंचवीस पॉइंट सहा

टेलिफोन एक्स्चेंजच्या तळमजल्यावर बॅटरी-रूम असायची. तिथं मी एकतीस वर्षं काढली. वर लोक तासन्‌तास बोलायचे, भांडायचे, लग्नं जमवायचे, मोडायचे, आणि खाली मी त्या सगळ्या बडबडीला लागणारी वीज सांभाळायचो. मोठाल्या भांड्यांत ॲसिड, त्यात शिशाच्या पट्ट्या, आणि माझ्या हातात ॲसिडची ताकद मोजायचा हायड्रोमीटर. भोक नसलेला शर्ट माझ्याकडं एकही नव्हता. मित्र मला व्होल्टमास्तर म्हणायचे. चेष्टेनं म्हणायचे, पण मला ते आवडायचं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते एखाद्या अडाण्याच्या हातून झालं नसतं. अडाण्यानं सांगितलेलं ऐकलं असतं. ते माझ्यासारख्या जाणत्याच्याच हातून व्हायचं होतं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं नवरा-बायको गावापासून चार किलोमीटरवर घर बांधून राहिलो. हौस हिचीच. हिनं अठ्ठावीस वर्षं सूतगिरणीत काढली होती आणि तिथल्या खडखडाटानं तिचे कान किटले होते. आता मला झाडाचं पान पडलेलं ऐकू आलं पाहिजे, म्हणायची. विजेची लाईन आमच्यापर्यंत येत नाही. मी म्हटलं, नाही तर नाही, आपलं काही अडत नाही. छपरावर सहा पॅनल टाकली, कोठीच्या खोलीत चार शिशाच्या बॅटऱ्या मांडल्या, अडीनडीला एक जनरेटर घेऊन ठेवला आणि भिंतीवर काट्याचं व्होल्टमीटर ठोकलं. मीटरच्या काचेवर मी स्वतः ब्रशनं पट्टे ओढले. चोवीसच्या खाली लाल, पंचवीसपर्यंत पिवळा, त्याच्या वर हिरवा. काटा हिरव्यात असला की बॅटरी भरलेली, मग निवांत झोपायचं. दहा वर्षं त्या काट्यानं मला एकदाही फसवलं नाही.

मग हिचा दम लागायला सुरुवात झाली. गिरणीतला कापूस इतकी वर्षं तिच्या छातीत गपचूप बसून होता. आधी जिना, मग अंगण, मग नुसतं उठणं-बसणं. डॉक्टरांनी सांगितलं, घरी ऑक्सिजनचं मशीन लावा, चोवीस तास. मशीन हवेतूनच ऑक्सिजन काढतं, पण त्याला वीज अखंड लागते. माझ्या जुन्या बॅटऱ्या ते चार-पाच तास ओढायच्या आणि मग मान टाकायच्या.

लेक शहरातून धावत आली. आईला घेऊनच जायचं या तयारीनं आली होती. ही म्हणाली, "मी कुठं जाणार नाही. मला इथंच राहायचंय आणि इथूनच जायचंय." लेक माझ्याकडं वळली.

"बाबा, मशीन एकदा जरी बंद पडलं ना, तर मी आईला उचलून नेईन. मग मध्ये बोलायचं नाही."

"पडणार नाही," मी म्हणालो.

"शब्द देताय?"

"दिला. विजेचं मला शिकवू नकोस."

नवी बॅटरी बसवायला सोलारवाली आठवड्याभरात आली. पस्तिशीची असेल, जिपमधून एकटीच उतरली आणि लिथियमची बॅटरी चाकांच्या पाटावरून आत घेऊन गेली. माझ्या चार जुन्या बॅटऱ्या मिळून जेवढं करायच्या त्याच्या सहापट ही एकटी करणार होती. मी म्हटलं, जुन्यांनाच जोडून टाक की, सगळ्या मिळून काम करतील. ती म्हणाली, "नाही काका, या दोघींचं पटत नाही. जुन्या दिव्यांना आणि पंपाला राहू देत. नवी फक्त काकूंच्या मशीनला. तिला वेगळा इन्व्हर्टर आणि वरती चार पॅनल वाढवू." काम नीटनेटकं होतं. केबलच्या टोकांना लावलेले तांब्याचे लग मी ओढून बघितले, एकही हलला नाही. मला ती आवडली, पण तोंडावर कशाला बोला.

जाताना तिनं मला कोठीत उभं केलं. नव्या बॅटरीच्या पोटावर छोटा पडदा होता, गुडघ्याच्या उंचीला.

"काका, शिशाची बॅटरी हळूहळू उतरते, म्हणून तुमचा काटा खरं सांगतो. ही तशी नाही. भरलेली असो की अर्धी, व्होल्ट जवळजवळ तिथंच. आणि संपायला आली की एकदम कोसळते आणि स्वतःला बंद करून घेते. म्हणून काट्याकडं बघायचंच नाही. इथं टक्के दिसतात, ते बघायचे. तीसच्या खाली गेले की जनरेटर लावायचा."

"टक्के परीक्षेत बघतात, पोरी. बॅटरीचे व्होल्ट बघतात."

"मग परीक्षाच समजा," ती हसून म्हणाली. हीसुद्धा आतल्या खोलीतून हसली आणि हसता हसता खोकली.

सोलारवालीनं नवी बॅटरी माझ्या मीटरला मुद्दामच जोडली नव्हती. ती गेली आणि दुसऱ्या दिवशी मी मीटरखाली एक स्विच बसवला. एकवर फिरवला की जुन्या बॅटऱ्या, दोनवर फिरवला की नवी. कोण रोज गुडघे मोडून पडद्यापुढं बसणार? खरं म्हणजे गुडघ्यांचं निमित्त होतं. त्या पडद्यावर आयता आकडा येतो, त्यात माझं काय काम, हे मला सलत होतं.

दोन महिने झकास गेले. ऊन भरपूर होतं, काटा सत्तावीसपर्यंत चढायचा. मशीन कोपऱ्यात घुरघुरायचं. लांब नळी नाकाला लावून ही घरभर हिंडायची, खिडकीत बसून गवार निवडायची, मला कामं सांगायची. एकदा म्हणाली, "तुमची ही नवी बॅटरी गुणी आहे हो. उलट बोलत नाही." मी म्हटलं, सगळ्यांचं नशीब सारखं नसतं. अशी आमची मजा चालायची. मी मनात धरून चाललो होतो की हे असंच खूप दिवस चालणार.

मग आभाळ भरलं. पाऊस नाही, नुसतं राखाडी. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर ही पलंगावर टेकली आणि म्हणाली, "अहो, जनरेटर लावायचा का? ऊन नाही दोन दिवस."

मी कोठीत गेलो, स्विच दोनवर फिरवला. काटा पंचवीस पॉइंट सहावर. हिरव्यात. शिशाच्या बॅटरीनं तिसऱ्या ढगाळ दिवशी असं दाखवलं असतं तर मी तिची पाठ थोपटली असती.

"गरज नाही," मी बाहेर येऊन सांगितलं.

"आणि ते टक्के? ती पोरगी म्हणाली होती ते?"

"एकतीस वर्षं मी काय माशा मारल्या का गं?"

"बरं," ती म्हणाली.

जनरेटर सुरू झाला की हिला गिरणी आठवायची, ती डोक्यावर उशी घ्यायची. तो त्रास वाचवावा असंही माझ्या मनात होतं. ते खोटं नाही. पण पडद्यापुढं वाकलो असतो तर एक मिनिट लागलं असतं, तेही खोटं नाही.

"झोप तू निवांत," मी म्हणालो. "मी औषधं घेऊन येतो." तिनं डोळे मिटले. मी म्हटलं की ती नेहमीच मिटायची.

औषधांची पिशवी डांबरी रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर येते. जायला पंधरा मिनिटं, यायला पंधरा. मध्ये मी अर्धा तास टपरीवर बसलो. चहावाल्यानं विचारलं, काकूंचं कसं काय. मी त्याला लिथियमची महती ऐकवली. तीन दिवस ऊन नाही आणि काटा हिरव्यात, म्हटलं. दुसरा चहा मागवला.

फाटकातच मशीनचा आवाज ऐकू आला. घुरघुर नव्हे, सलग किंचाळी. वीज गेली की मशीन तसं ओरडतं. पिशवी टाकून मी आत धावलो. ही पलंगावर नव्हती. संकटकाळासाठी ठेवलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरपाशी जमिनीवर बसली होती, दोन्ही हात व्हॉल्व्हवर, ओठ जांभळे. ऑक्सिजन गळू नये म्हणून तो व्हॉल्व्ह मीच करकचून आवळला होता. तिच्या हातांनी तो तसूभरही हलला नव्हता. तिनं माझ्याकडं बघितलं, पण बोलायला श्वास नव्हता. मी व्हॉल्व्ह उघडला, मास्क लावला आणि तिची पाठ चोळत राहिलो. ओठांचा रंग परतायला दहा मिनिटं लागली असतील. तेवढ्यात मी काय काय बोललो ते मला आठवत नाही.

मग जनरेटर लावला आणि कोठीत जाऊन पहिल्यांदा त्या पडद्यापुढं गुडघ्यांवर बसलो. पडदा उजळला. शून्य टक्के. सोलारवालीला फोन केला.

"टक्के किती होते काका दुपारी?"

"बघितले नाहीत. काटा बघितला. पंचवीस पॉइंट सहा."

"हिच्यात पंचवीस पॉइंट सहा म्हणजे तळ," ती म्हणाली. तिनं चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. तिनं विचारलं, "काकू कशा आहेत?"

संध्याकाळी मी हिच्याजवळ खुर्ची ओढून बसलो. "लेकीला सांगू नकोस," मी म्हणालो. "आता मला कळलंय. सकाळ-संध्याकाळ टक्के बघून वहीत लिहीन. परत असं होणार नाही." आणि खरंच झालं नसतं. कधी नव्हे ते मी खरं बोलत होतो. तिनं कपातला चहा संपवला. मग तिनं फोन मागितला. रोजचाच फोन असेल असं मला वाटलं.

"उद्या येऊन मला घेऊन जा," ती लेकीला म्हणाली.

पलीकडून लेकीचा चढलेला आवाज मलाही ऐकू आला. मशीन बंद पडलं का, बाबांनी काय केलं, खरं सांग. ही माझ्याकडं बघत होती.

"नाही गं, मशीन चांगलं चालतंय. मलाच आता इथं करमत नाही. कंटाळा आला मला या शांततेचा."

फोन ठेवल्यावर मी तिला विनवण्या केल्या. आयुष्यात कधी केल्या नव्हत्या. म्हटलं, तुला इथंच राहायचंय ना, मग का जातेस, चिडली असशील तर चीड माझ्यावर, भांडी फेक, पण जाऊ नकोस.

"चिडले नाही हो," ती थांबत थांबत म्हणाली. एका वाक्याला तिला तीन श्वास लागत होते. "तुम्ही झोप म्हणालात, मी झोपले. बेचाळीस वर्षं तशीच झोपत आले. आता तुम्ही म्हणालात तरी मला झोप येणार नाही. मी कान देऊन बसेन मशीनकडं. आणि मी जागी, म्हणून तुम्हीही जागे. असं किती दिवस?"

मी उठून कोठीत गेलो आणि पडद्यावरचे टक्के वहीत लिहिले.

दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं झालं. लेक दुपारी आली, हातात धरता येणारं छोटं मशीन घेऊन. तिनं आईच्या साड्या भरल्या, औषधं भरली. मलाही चला म्हणाली. मी म्हणालो, येतो मागनं, घर आवरून. हिला गाडीत बसवताना मी तिची नळी सरळ केली, उशी पाठीशी लावली. तिनं उशी थोडी खाली ओढून घेतली, एवढंच.

लेक मला बाजूला घेऊन गेली. तिचे डोळे भरले होते.

"बाबा, मी तुमच्यावर उगाच संशय घेतला. दोन महिने तुम्ही एकट्यानं सगळं सांभाळलंत, एकदाही मशीन बंद पडू दिलं नाहीत. तुम्ही शब्द पाळलात. आईनंच ऐकलं नाही, त्याला तुम्ही काय करणार?"

तोंड उघडायची तीच वेळ होती. गाडीची काच खाली होती, हिला सगळं ऐकू जात होतं. ती समोर रस्त्याकडं बघत राहिली.

"तुझी आई हट्टी आहे पहिल्यापासून," मी म्हणालो.