हुलग्याची उसळ

प्रार्थना संपत आली होती, तेवढ्यात पाचवीच्या रांगेत कोणीतरी धपकन पडलं. नानासो शिपाई तांब्या घेऊन धावला. उन्हात एखादं पोर पडायचं, त्यात नवीन काही नव्हतं. रांग बाजूला सारून तो खाली वाकला आणि तांब्या हातात तसाच राहिला. पडलेली पोर त्याचीच होती, प्रांजल.

आष्ट्याच्या पेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीची पापणी खाली ओढून पाहिली, बोटातून रक्त घेतलं.

"काय खाते ही?"

या प्रश्नाला लाजायचं नानासोला काही कारण वाटलं नाही. "सगळं चांगलंच की, बाई. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी चपाती नि बटाटा, न्हाईतर साखर. राती भात. भाकरी, हुलगं असलं कायबी न्हाई आमच्यात."

"रक्त साडेसात आहे. निदान अकरा-साडेअकरा तरी हवं." बाईंनी गोळ्या लिहून दिल्या.

"सफरचंद लावू?"

"त्यात कशाला पैसे घालता? बाजरीची भाकरी द्या. मेथी, शेपू द्या, शेंगदाणे-गूळ द्या. मोड आलेला हुलगा करा, वर लिंबू पिळा. आणि जेवणावर चहा बंद. तुम्ही जतकडचे ना? तिकडचा हुलगा चांगला असतो."

बाई आपुलकीनंच बोलल्या होत्या, पण नानासोच्या ते जिव्हारी लागलं. गरिबाला औषधसुद्धा गरिबाचंच सांगतात, असं त्याला वाटलं. वस्तीवरून नोकरीला लागलेला तो पहिला. मेंढरांमागं न जाता दहावी झाला, शाळेत शिपाई झाला, पोरीचं नाव हेडमास्तरांना विचारून ठेवलं. तिच्या ताटात पांढरीशुभ्र चपाती पडते, हीच त्याची मोठी कमाई होती.

आणि हुलगा तर त्याच्या घरात येतच नसे. बहात्तरच्या दुष्काळात तो अकरा वर्षांचा होता. घरात हुलग्याच्या पिठाच्या पातळ माडग्याशिवाय काही नव्हतं. धाकटा भाऊ गुंडा आईच्या मांडीवर होता. आई वाडगा त्याच्या तोंडाला लावत होती आणि तो तोंड फिरवत होता. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर बावीस वर्षांत नानासोनं हुलग्याचा दाणा तोंडात घातला नव्हता.

त्यानं सफरचंदं आणली. त्याची बायको शालन रोज एक चिरायची आणि पोर निम्मं ठेवायची. त्यापायी तेल कमी आलं, डाळ पातळ झाली. गोळ्यांनी मळमळतं म्हणून प्रांजल त्या गुपचूप मोरीत टाकत होती, हे शालनला महिन्यानं कळलं. रक्त होतं तिथंच होतं.

"आवं, माज्या माहेरी कडेगावला बागायतदाराच्या घरातबी हुलगा शिजतो," शालन म्हणाली. "त्येंचं काय कमी झालंय?"

"माज्या घरात न्हाई शिजायचा."

शालननं वाद घातला नाही. "मग आत्तींना तरी इचारून या," एवढंच म्हणाली.

रविवारी तो जतच्या एसटीत बसला. वस्तीवर त्याची आई भामाबाई दारात हुलगा पाखडत बसली होती. नातीचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग ने की हितला. पायलीभर देती बांधून."

"आई, ज्येनं गुंडा गेला, त्ये मी माज्या पोरीला घालू व्हय?"

भामाबाईनं सूप थांबवलं नाही.

"गुंडा हुलग्यानं न्हाई गेला," ती म्हणाली. "हुलगा सरला म्हणून गेला."



"म्या बघितलंय, आई. तू माडगं पाजत व्हतीस. त्येनं तोंड फिरवलं."

"वाडग्यात पाणी व्हतं. हळद टाकल्यालं. तोंडाला कायतरी लावावं म्हणून." ती खाली बघूनच बोलत होती. "तुझा बा मेंढरं घिऊन खाली कर्नाटकात गेल्याला. मूठभर हुलगा उरल्याला. त्येचं माडगं केलं नि त्ये आदल्या राती तुला दिलं. तू चालता व्हतास, खडी फोडाया माज्यासंगं येत व्हतास. त्यो अंगावरचा, आन् अंगावर दूध न्हाई. दोगांस्नी पुरत नव्हतं."

"कवा बोलली न्हाईस."

"काय बोलायचं? तुला खाल्ल्याचं वाईट वाटलं असतं."

सुपाच्या कडेला खडे निघत होते. नानासो तिच्यासमोर बसला आणि एकेक खडा वेचू लागला. ऊन दारातून सरकून ओट्याखाली गेलं, तेव्हा तिनं पायलीभर हुलगा जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून दिला.

शालननं हुलगा भिजवला, फडक्यात घालून मोड आणले. भाकरी, पालेभाजी, लिंबू. प्रांजलची गोळी आता जेवणानंतर शालनच्या समोर. सफरचंदांचे पैसे वाचले, त्यात शेंगदाणे आणि गूळ आला. नानासोनं हे सगळं होऊ दिलं, पण स्वतःच्या ताटात उसळ वाढू दिली नाही. शालन त्याच्यासाठी निराळा बटाटा करायची.

संक्रांतीनंतर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त तपासलं. दहा भरलं. "असंच चालू ठेवा," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत नानासो व्हरांड्यातून चालला होता. पाचवीच्या पोरी गोल करून बसल्या होत्या. प्रांजलनं डब्याचं झाकण उभं धरलं होतं, एक हात आडवा लावला होता आणि आतल्या आत भाकरी-उसळीचे घास करून घाईनं गिळत होती. त्याला पाहून तिनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शालनला म्हणाला, "माज्या डब्यातबी तेच घाल."

एरवी तो स्टाफरूममागच्या खोलीत जेवायचा. त्या दिवशी व्हरांड्याच्या पायरीवर, पोरांच्या समोर बसला. भाऊसो क्लार्क पान लावत आले आणि डब्यात डोकावले.

"काय रं नानासो, हुलगा? ह्ये तर बैलाचं खाणं."

"व्हय, साहेब. पोरीचं रक्त वाढलंय ह्येनं. घ्या की थोडा."

भाऊसोंनी नको म्हटलं, पण लगेच गेलेही नाहीत. पलीकडच्या पोरी ऐकत होत्या. नानासोनं प्रांजलकडे पाहिलं नाही. भाकरीचा तुकडा मोडला, त्यात उसळ धरली आणि तोंडात घातली. तो घास गिळायला त्याला फार वेळ लागला. मग त्यानं दुसरा मोडला.