वैजयंतीच्या मुठीतले सिमकार्ड

मित्रांनो, मी एक मोडलेले सिमकार्ड आहे. वाशीम जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याच्या कपाटात, लाखेची मोहोर लावलेल्या पाकिटात माझे दोन तुकडे पडून आहेत. नखाएवढा माझा जीव, पण माझ्यापायी एका बाईचा हात मोडला. ते कसे, ते सांगते.

जगभर माझी अब्जावधी भावंडे आहेत. कुणी भर समुद्रात कोळ्याच्या खिशात, कुणी वाळवंटात उंटवाल्याच्या फोनमध्ये, कुणी नुसत्याच विजेच्या मीटरात. काम सगळ्यांचे एकच, इथली खबर तिथे पोचवायची. मी कारखान्यातून निघाले ते शेलूबाजारला, चंदनाताईंच्या मोबाईलच्या दुकानात येऊन पडले. तिथे एकदा करण आपल्या बहिणीला घेऊन आला. तो कारंज्याच्या बाजार समितीत धान्याची पोती वाहायचा. आईबाप नव्हते, बहीण वैजयंती तेवढी होती आणि आठ दिवसांवर तिचे लग्न आले होते. सिम तिच्याच नावावर काढा, असे त्याने दोनदा बजावले. चंदनाताईंनी तिचा अंगठा घेतला आणि मी तिचे झाले.

सासर मेडशीचे. नवरा रामकिसन, सासू प्रयागबाई, घरची बारा एकर सोयाबीन-तूर. रोज संध्याकाळी पोती उतरवून झाली की करणचा फोन यायचा. पहिले काही महिने वैजयंती भावाला काय काय सांगायची! म्हैस व्यायली, तुरीला फुलोरा आला, सासूने पाटवड्या शिकवल्या. तो आवाज नेताना मला माझाच अभिमान वाटायचा.

मग रामकिसनच्या डोक्यात संशय शिरला. भावाशी इतका वेळ कोण बोलते, असे त्याचे म्हणणे. पहिली थप्पड बसली तेव्हा फोन तिच्या कानाशी होता. तिचा कान आणि मी एकदमच हादरलो. नंतर पट्टा आला. पट्ट्यानंतर बैलाची वेसण आली. मार सुरू झाला की प्रयागबाई टीव्हीचा आवाज वाढवायची आणि पदर तोंडाला लावून बसायची.

एक फोन त्याने विहिरीत फेकला, पण त्याआधी वैजयंतीने मला काढून पोलक्यात लपवले होते. दुसरा फोन करणने दिवाळीला आणला. त्याची खाच लहान होती, म्हणून चंदनाताईंच्या दुकानात यंत्रात घालून माझ्या कडा कापल्या. कचकन आवाज झाला. मला वाटले, मेले. पण सोनेरी ठिपका शाबूत होता, मी पुन्हा बोलू लागले.

काय बोलले, तर रोज एकच वाक्य. पाठ सुजलेली असायची, ओठ फाटलेला असायचा आणि ती म्हणायची, "मी बरी हाये, दादा." मी ते इमानाने कारंज्याला पोचवायचे. जे मला दिलेच नाही ते मी कसे नेणार?

चौथ्या वर्षी सोयाबीनच्या सोंगणीत तो दिवस आला. संध्याकाळची वेळ. मळणीयंत्र बिघडले म्हणून रामकिसन तणतणत घरी आला, नेमका तेव्हाच करणचा फोन आला. त्याने तो हिसकला आणि दारातल्या दगडावर आपटला. फोनच्या ठिकऱ्या झाल्या. मी उडून पडले. वैजयंतीने झडप घालून मला मुठीत धरले.

"मूठ खोल," तो म्हणाला.

तिने नाही खोलली. मग त्याने तिचे मनगट उंबरठ्यावर दाबले आणि कुऱ्हाडीचा दांडा हाणला. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला हाडे मोडल्याचा आवाज मी मुठीच्या आतून ऐकला. मूठ आपोआप उघडली. रक्ताने भिजलेल्या मला त्याने दोन बोटांत धरून काडीसारखे मोडले आणि अंगणात फेकले. मग तिच्या डोक्यात दांडा घातला, फरपटत नेऊन तिला पोत्यांच्या खोलीत टाकले आणि बाहेरून कुलूप लावले.

तिकडे करणला फोन बंद लागू लागला, हे मला पुढे ठाण्यातल्या जबाबांतून कळले. सोबतचे हमाल म्हणाले, सोंगणीचे दिवस आहेत, राहिला असेल बंद. त्याने रामकिसनला फोन केला. फोन पाण्यात पडला, ती शेतात गेली, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर आले, तेव्हा त्याने खांद्यावरचे पोते तिथेच टाकले आणि मिळेल ती एसटी धरली.

तो अंगणात येताच रामकिसन दांडा घेऊनच धावला. पहिला घाव करणच्या खांद्यावर बसला, दुसरा कपाळावर. क्विंटलाची पोती पेलणारा तो गडी, त्याने दांडा पकडला आणि रक्त डोळ्यांत उतरले तरी सोडला नाही. दोघे मातीत लोळत होते, माझ्या तुकड्यांच्या अगदी जवळ. तेवढ्यात प्रयागबाई खुंटीवरची किल्ली घेऊन बाहेर आली. तिने कुलूप काढले आणि म्हणाली, "करण, ने तुह्या बहिणीले. पोलिसायले मीच सांगतो."

रामकिसन आईवर धावून गेला. पण एव्हाना शेजारी कुंपण ओलांडून आत आले होते.

वैजयंती वाचली. दोन बोटे मात्र कायमची वाकडी राहिली. रामकिसन तुरुंगात आहे, खटला चालू आहे. माझे तुकडे प्रयागबाईनेच मातीतून वेचून पोलिसांना दिले. आणि वैजयंतीने तोच नंबर नव्या सिमकार्डावर घेतला. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून डावा अंगठा लावला. ते चालू झाले त्या क्षणी मी कायमचे बंद पडले. माझी तक्रार नाही. त्या नंबरावर प्रयागबाई अधूनमधून फोन करते असे ऐकते. वैजयंती कधी उचलते, कधी वाजू देते.

मित्रांनो, तुमच्या फोनला जपा, मला पाण्यापासून सांभाळा, असे सांगायला मी बोलत नाहीये. माझ्यासारखी हजार मिळतात. पण आपले माणूस रोज 'बरी आहे' एवढेच म्हणत असेल, किंवा त्याचा फोन बंदच लागत असेल, तर माझ्यावर विसंबून घरी बसू नका. सिमकार्डाला कुणाचे दार ठोठावता येत नाही. तुम्ही उठा आणि जाऊन बघा.