रंधा न लागलेली वेदी

मी एक टेबल बोलतोय. व्याकरणाप्रमाणे मी 'बोलतंय' असं म्हणायला हवं, आणि आता लोक मला वेदी म्हणतात म्हणून 'बोलतेय' म्हटलं तरी चालेल. पण माझी उमेदीची सगळी वर्षं एका सुताराच्या सहवासात गेली, आणि तो दिवसभर मला मित्रासारखा 'ए बाबा, हलू नकोस' असं म्हणायचा. तेव्हापासून मी स्वतःला 'तो'च समजतो.

माझा जन्म एका पाडलेल्या गोदामाच्या तुळयांतून झाला. सुतार तेव्हा नवीन लग्न झालेला, अंगानं किडकिडीत, हात मात्र राकट. त्यानं चार तुळया शेजारी शेजारी बसवल्या, एकही खिळा न मारता खाचांत खाचा अडकवून मला जोडलं आणि मग माझ्यावर चढून दोन उड्या मारल्या. मी हूं की चूं केलं नाही. त्याच्या बायकोनं दारातून पाहिलं आणि विचारलं की आता यावरच राहायला यायचं का. मला तो माझा पहिला गौरव वाटला.

माझ्यावर काय काय झालं म्हणून सांगू. अर्ध्या वस्तीची दारं-खिडक्या माझ्यावर रंधली गेली. पाळणे झाले, शाळेची बाकं झाली, एका आजोबांचा लाकडी पाय झाला. माणसं शेवटी जिच्यात निजतात ती पेटीही माझ्यावरच व्हायची. पटाशीचे घाव, सरसाचे डाग, गिरमिटाची भोकं, एका कडेला चहाच्या कपाचं काळं वर्तुळ. सुताराची एकुलती एक लेक माझ्या पायाशी भुशात खेळत मोठी झाली आणि पुढे बापाच्या शेजारी उभी राहून तेच काम करू लागली. बाप बोलायचा कमी, लेक दोघांच्या वाटचं बोलायची.

मग सुताराला झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. तो खुर्चीवर बसून लेकीचं काम पाहायचा आणि चुकलं की डाव्या हातातली काठी जमिनीवर आपटायचा. ती फारशी चुकायची नाही, पण काठीचा आवाज ऐकल्याशिवाय तिलाही करमायचं नाही.

त्याच वर्षी आमच्या रस्त्याच्या टोकाचं चर्च जळालं. भर दुपारी वायरींतून ठिणग्या उडाल्या आणि तासाभरात छप्पर खाली आलं. माणूस एकही दुखावला नाही, पण आतली वेदी कोळसा झाली. दुसऱ्या दिवशी लेकीनं पाळकसाहेबांना सांगितलं की नवं छप्पर होईपर्यंत रविवारची उपासना आमच्या कारखान्यात करा. त्यांनी मान डोलावली.

अशी माझ्यावर पहिल्यांदा पांढरी चादर आली. तिच्यावर प्रभुभोजनाची भाकरी आणि द्राक्षारसाचा प्याला ठेवला गेला. आदल्या दिवशी माझ्यावर एक चौकट ठोकली होती, सोमवारी पुन्हा ठोकायची होती, आणि मधल्या त्या सकाळी शंभर-सव्वाशे माणसं माझ्याकडे तोंड करून गात होती. छाती असती तर फुगली असती.

सगळ्यांना मात्र हे पटलं नव्हतं. चर्चच्या पंचमंडळींत एक निवृत्त मास्तर होते. रविवारच्या शाळेत ते मुलांकडून धर्मशिक्षण पाठ करून घेत. 'येशू कोण?' असं विचारलं की मुलं एका सुरात म्हणायची, 'पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य.' मास्तर बजावायचे, अर्धा-अर्धा नव्हे, पूर्ण आणि पूर्ण. एक शब्द इकडचा तिकडे खपायचा नाही. पण धडा पहिल्या 'पूर्ण'वरच रंगायचा. त्यानं वादळ शांत केलं, पाण्यावरून चालला, हे सांगताना मास्तरांचा आवाज चढायचा. तो भुकेला झाला, होडीत दमून झोपला, हे ते अशा घाईत सांगायचे, जणू घरातल्या कुणाची तरी चूक झाकतायत. माझ्यावर त्यांनी चादरीची दुहेरी घडी घालायला लावली होती. डाग दिसू नयेत म्हणून.

अकरा महिन्यांनी नवं चर्च उभं राहिलं. बायकांच्या मंडळानं ठरवून टाकलं की वेदी म्हणून हेच टेबल न्यायचं, आता याची सवय झालीय. पाळकसाहेबांनाही तेच हवं होतं. मास्तरांनी एका अटीवर होकार दिला. वरून अर्धं बोट लाकूड रंधून काढायचं, एक घाव दिसता कामा नये, आणि पॉलिश असं की त्यात तोंड पाहता यावं. देवापुढं असलं टवके उडालेलं लाकूड ठेवायचं नाही. ठराव झाला. लेक म्हणाली, ठीक आहे, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. पण टेबलाला कोण विचारतं?

बुधवारी सकाळी तिनं रंध्याला धार लावली. मास्तर जातीनं देखरेखीला आले होते. तिनं रंधा माझ्या डाव्या कडेला टेकवला आणि मागून सुताराची काठी आपटली. तिनं मागे पाहिलं. रंधा पुन्हा टेकवला, पुन्हा काठी. मग सुतार उठला. आधाराशिवाय चार पावलं चालायला त्याला किती वेळ लागला ते मी पाहिलंय. तो माझ्यापाशी आला आणि चांगला हात एका जागी पालथा ठेवून उभा राहिला.

मास्तरांनी विचारलं, "काय म्हणतायत हे?"

लेकीलाही कळेना. मला माहीत होतं. त्या जागी वीतभर लांब, तिरका, करवतीचा घाव आहे. उभ्या आयुष्यात सुताराची करवत फक्त एकदा फळीच्या बाहेर गेली. तेव्हा लेक रांगत होती. एका दुपारी मास्तर कारखान्यात आले होते. इस्त्रीचा सदरा, ताठ मान. तापानं गेलेल्या आपल्या चार वर्षांच्या मुलीची उंची त्यांनी सुताराला हातानं दाखवली आणि ते तसेच निघून गेले. सुतारानं फळी घेतली, माप आखलं आणि कापायला लागला. त्याला समोरचं दिसत नव्हतं. करवत फळी सोडून माझ्यात उतरली, तरी त्याच्या बराच वेळ लक्षात आलं नाही. त्यानंतर एकतीस वर्षं तो याबद्दल कुणाशी बोलला नव्हता.

आज त्यानं ते जड जिभेनं, एकेक शब्द उचलून सांगितलं. "तुमच्या छोटीची पेटी. करवत सुटली. डोळ्यांत पाणी होतं."

लेकीनं स्टूल पुढे केलं, मास्तर त्यावर बसले. मग ते हळूच आपलं बोट त्या घावातून फिरवू लागले, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मी रडलो नव्हतो त्या दिवशी," ते म्हणाले. "बायकोलाही रडू दिलं नाही. म्हटलं, देवावर विश्वास असणाऱ्यानं रडायचं नसतं."

मग ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "येशू रडला होता. मित्राच्या कबरेपाशी. मी मुलांना सांगायचो, आपल्याला दाखवण्यासाठी रडला. दाखवण्यासाठी कोण रडतं, पोरी? खरंच रडला असेल. आणि त्याच तोंडानं हाक मारली तर मेलेला उठून बाहेर आला. रडणारा एक आणि हाक मारणारा दुसरा, असं नव्हतं. एकच होता तो."

चाळीस वर्षं पाठ असलेलं 'पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य' हे वाक्य त्यांना त्या सकाळी समजलं. माझ्यावर हात ठेवून समजलं, याचा मला केवढा अभिमान आहे!

त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि सुताराचा निकामी हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. लेकीला म्हणाले, "रंधा ठेव. पंचांना मी सांगतो."

मला आठ जणांनी उचलून चर्चमध्ये नेलं. लेकीनं फक्त तेलाचा हात फिरवला. तिथं तिनं पाळकसाहेबांना गमतीत म्हटलं, हे आधी टेबल आणि आता वेदी, म्हणजे प्रभूसारखंच झालं की. पाळकसाहेब हसले, पण त्यांनी लगेच दुरुस्ती केली. टेबलाला आपण वेदी केलं. प्रभू आधी माणूस होता आणि मग कुणी त्याला देव केलं, असं नव्हे. तो मुळातच देव, आणि आईच्या पोटी आला तेव्हापासून आपल्यासारखा माणूस. देवपण काढून ठेवून आला नाही, आणि माणूसपण वरून पांघरलं नाही. मला ही दुरुस्ती आवडली. मी शेवटी लाकूड आहे. माझी बरोबरी त्याच्याशी नको. तोही सुतारकाम करायचा; त्यानं कधीकाळी माझ्यासारख्याच एखाद्या टेबलापाशी उभं राहून घाम गाळला असेल, एवढ्यावरच मी खूष आहे.

मास्तरांची रविवारची शाळा आता माझ्यासमोर भरते. पाठांतर अजून आहे, पण सूर बदललाय. परवा एका मुलीनं विचारलं, "मास्तर, तो खरंच दमायचा?"

"खरंच. पाय दुखेपर्यंत."

"देव असून?"

"देव असून," मास्तर म्हणाले. "म्हणून तर मी त्याला सगळं सांगतो. त्याला कळतंही, आणि त्याला करताही येतं."

सुतार दोन वर्षांपूर्वी गेला. त्याची पेटी लेकीनं केली. कारखान्यातल्या नव्या टेबलावर, रडत रडत, आणि तिनं ते लपवलं नाही. पेटी माझ्यासमोर ठेवली होती, मास्तर पहिल्या रांगेत होते आणि रुमाल चिंब भिजेपर्यंत रडत होते. त्यानंतर उभं राहून पुनरुत्थानाचं गाणं सर्वांत मोठ्यानं त्यांनीच म्हटलं.

माझं म्हणाल तर मी ठणठणीत आहे. चादर आता एकेरी असते, कडा उघड्या असतात, कपाचं काळं वर्तुळही कुणी झाकत नाही. एकच तक्रार आहे. लोक मला फार घाबरतात. मागच्या रविवारी एक आजी भाकरी घ्यायला पुढे येता येता धापा टाकू लागल्या, माझ्यावर हात टेकला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. शेजारणीला म्हणाल्या, चुकून लागला हो.

आजी, चुकून कशाला? मी भक्कम आहे. ज्याची भाकरी माझ्यावर ठेवतात, तो दमलेल्यांना दूर लोटणाऱ्यांपैकी नव्हता. पुढच्या वेळी दोन्ही हात टेका, श्वास जागेवर येईपर्यंत उभ्या राहा. पाळकसाहेब थांबतील.