अक्षर पुसलेले बटण

मित्रांनो, मी कीबोर्डवरचे एक जुने बटण आहे. कोणते, ते मलाच सांगावे लागते, कारण माझ्यावरचे अक्षर केव्हाच झिजून गेले. मी झेड. सगळ्यात खालच्या अक्षरांच्या रांगेत, डावीकडे बसतो.

कारखान्यात आम्ही सगळी बटणे सारखीच घडलो. मला वाटले होते, आपल्यालाही शब्द लिहायला मिळतील. पण झेब्रा सोडला तर मला विचारतो कोण? आणि झेब्र्याची आठवण तरी माणसाला कितीदा येते? त्यातून मी येऊन पडलो दोन चित्रकार बहिणींच्या घरी. तिथे माझ्या नशिबी वेगळेच काम आले. कंट्रोल नावाच्या माझ्या शेजाऱ्याबरोबर मला दाबले की नुकतीच काढलेली रेघ नाहीशी होते. पुन्हा दाबले की त्याच्या आधीची. म्हणजे चुका करायच्या त्यांनी आणि निस्तरायच्या मी.

थोरली बहीण कच्चे चित्र काढते. टेबलावर एक काळी सपाट टॅब्लेट आहे, तिच्यावर पेन फिरवले की रेघ समोरच्या पडद्यावर उमटते. थोरलीचा हात भरभर चालतो, एका नाकासाठी चार रेघा मारून ती उठून जाते. मग धाकटी बसते ती चित्र साफ करायला. जादा रेघा पुसायच्या, सुटलेली टोके जोडायची. हे करावे लागते, ते मलाही कळते. रेघेत सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी कोटात ओतलेला निळा रंग पानभर पसरतो.

पण मित्रांनो, किती साफ करावे याला काही सुमार? धाकटी चित्र इतके मोठे करून बघते की एक भुवई अख्खा पडदा व्यापते. ती रेघ ओढते, मला दाबते. तीच रेघ ओढते, पुन्हा मला दाबते. एका पापणीसाठी सकाळ जाते. आधीच्या आणि नंतरच्या पापणीतला फरक मी अजून शोधतो आहे. एकदा तर ती एक काळा ठिपका पुसत बसली. ठिपका जाईना. माझ्यावर राग काढून झाला, पेनाचे टोक बदलून झाले. शेवटी थोरलीने येऊन पडद्यावरून बोट फिरवले. चहाचा वाळलेला थेंब होता तो! त्या आदळआपटीत माझी खालची पकड तुटली. धाकटीने कागदाची घडी घालून मला जागेवर बसवले, आणि तेव्हापासून मी डुगडुगतो. पाहुणे आले की कौतुक मात्र पेनाचे. माझ्याखाली पावाचा चुरा साचला आहे, त्याची दखल कोणी घेत नाही.

तर त्या दिवसाची गोष्ट. खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांच्या गोष्टीच्या चित्रपुस्तकाचे काम चालले होते. थोरलीने आजोबा काढून दिले आणि ती कामाला बाहेर गेली. धाकटी दिवसभर साफ करत राहिली आणि मधूनमधून चित्र त्याच फायलीत साठवत राहिली. हनुवटीपासून सुरुवात करून बुटांच्या नाड्यांपर्यंत पोचली, तेव्हा थोरली परतली. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ती पडद्यासमोर उभी राहिली.

"हे कोण?" तिने विचारले.

"कोण म्हणजे? आजोबा. खुर्च्यांवाले."

"हनुवटीवरची खोक कुठे गेली?"

"खोक कसली? रेघ तुटली होती, मी जोडली. नाहीतर रंग बाहेर येतो ना."

थोरलीने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "अगं, बाबा होते ते."

धाकटीने खुर्ची मागे सरकवली. सकाळपासून पहिल्यांदाच तिने ते तोंड लांबून बघितले असावे. त्यांच्या वडिलांना जाऊन बरीच वर्षे झाली, पण त्यांच्या हनुवटीवरची ती खूण दोघींनाही पाठ होती.

"मी इतक्या जवळून बघत होते गं," ती पुटपुटली. "डोळेही बदललेत मी. पुन्हा काढशील?"

"कितीदा काढून बघितले. एकदाच आले."

आता त्यांना कोण आठवले, सांगायला नको. धाकटीने साफ केलेली प्रत वेगळी ठेवली आणि कंट्रोलवर व माझ्यावर बोटे टेकवली. मला किती पावले मागे जाता येईल, याला एक हद्द असते. ती हद्द हनुवटीच्या अलीकडे आहे की पलीकडे, मलाही ठाऊक नव्हते.

"हळू दाब. तो आधीच डुगडुगतोय," थोरली म्हणाली. इतक्या वर्षांत माझी ही पहिली विचारपूस.

मी जीव तोडून चाललो. बुटांच्या नाड्या विस्कटल्या. कोटाची बटणे पुन्हा दुहेरी झाली. कानावरचे केस परत आले. धाकटीच्या दिवसभराच्या कष्टावर मी पाणी ओतत होतो आणि ती मला दाबतच होती. मग डोळ्यांभोवती सुरकुत्या आल्या. शेवटी हनुवटीची रेघ मधोमध तुटली.

"थांब," थोरली म्हणाली. "आले."

साफ केलेली प्रत धाकटीने पुन्हा उघडली नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. चूक झाली तर मला खुशाल दाबा, मी त्यासाठीच आहे. पण आधी खुर्ची मागे सरकवून बघा, समोर चूक आहे की माणूस आहे. आणि जमले तर माझ्याखालचा चुरा काढा.

दुसऱ्या दिवशी धाकटी पुन्हा साफ करायला बसली. या वेळी अख्खे आजोबा पडद्यावर दिसत होते. खोक तिने तशीच ठेवली आणि तिथला रंग न ओतता हाताने भरला. डोळ्यांपाशी एक रेघ वाकडी गेली. सवयीने तिचे बोट माझ्यावर आले. मी तयारीत राहिलो. बोट तसेच टेकलेले राहिले, पण तिने मला दाबले नाही.